घरी बिअर बनवायला सुरुवात करायची आहे, आधी काय विकत घेऊ?

तुमच्या यादीत वीस लिटरचं स्टीलचं भांडं आहे, धान्य भरडायची चक्की आहे, वर्ट (धान्याचं उकळलेलं गोड पाणी, जे आंबून बिअर होते) थंड करायची तांब्याची नळी आहे. यातलं आधी काय, असं विचारलंय. सध्या यातलं काहीच नको. यादीत नसलेली एक वस्तू घ्या, हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात साखर किती उरली ते घनतेवरून सांगणारी तरंगती काचेची नळी. का, ते पुढे येईल. (आणि तुम्ही राहता तिथे घरी बिअर करायला कायद्याची परवानगी आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.)

पहिली खेप पाच लिटरचीच करा. बिघडली तरी जीव हळहळत नाही. धान्य भरडून गरम पाण्यात मुरवण्याच्या भानगडीत आताच पडू नका, कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याच्या गोड अर्काची पूड) आणा. ही पूड साधारण ६०० ग्रॅम घ्या, पाण्यात विरघळवून तासभर उकळा. उकळी फुटल्यावर १० ग्रॅम हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती वेलीची वाळलेली फुलं) टाका, त्यांचा कडवटपणा उतरतो. शेवटच्या पाच मिनिटांत आणखी ५ ग्रॅम, ते वासासाठी. पहिल्या उकळीला भांड्यापासून हलू नका. फेस असा चढतो की शेगडी चिकट पाकात न्हाऊन निघते. तासाभरात जेवढं पाणी आटेल, तेवढं उकळून गार केलेलं पाणी घालून पाच लिटर पुरं करा.

मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत उतरवा. इथून पुढे वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: बादली, झाकण, चमचा, नळी. साबणाने घासलं म्हणजे स्वच्छ झालं, निर्जंतुक नाही. त्यासाठीचं द्रावण वेगळं मिळतं.

एल (खोलीच्या तापमानाजवळ आंबणारी बिअर) जातीचं कोरडं यीस्ट घ्या. ११ ग्रॅमची पुडी साधारण वीस लिटरसाठी असते, तुम्हाला तिसरा हिस्सा पुरे, गार वर्ट बादलीत ओतून त्यात टाका. बादली १८ ते २० अंशांत ठेवा. आंबताना आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश चढतं, ते धरून चाला. फार गरम झालं तर बिअरला स्पिरिटसारखी जळजळीत चव येते आणि ती नंतर कशानेही जात नाही. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरला १० अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, तो नाद सध्या सोडा.

आता हायड्रोमीटर. माझ्या दुसऱ्या खेपेत पाचव्या दिवशी एअरलॉकचे (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी, झाकणावरची पाण्याची नळी) बुडबुडे थांबले. झालं काम, असं समजून मी बाटल्या भरल्या. दहा दिवसांनी मध्यरात्री कपाटात धडाम झालं आणि पाठोपाठ आणखी दोन. सुदैवाने कपाटाचं दार बंद होतं. गार पडल्यामुळे यीस्ट नुसतं सुस्तावलं होतं, साखर शिल्लक होती, आणि वर मी बाटलीत भरताना आणखी घातली होती! बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. झाकणातून वायू गळत असला तरी ते थांबतात.

म्हणून यीस्ट घालण्याआधी घनता मोजा, वरच्या मापाने ती १.०४५च्या जवळपास येईल. दोन आठवडे बादलीला हात लावू नका. मग पुन्हा मोजा: १.०१०च्या आसपास असेल आणि तीन दिवसांनीही तोच आकडा आला, तरच बाटल्या भरा. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी निघते. इथे फरक ०.०३५, म्हणजे साधारण साडेचार टक्के. मोजलेला नमुना परत बादलीत ओतू नका, पिऊन बघा. सपक आणि कोमट लागेल, पण बिअर आहे हे कळतं.

भरताना लिटरमागे ६ ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून गार केलेली. बाटल्या दाब सोसणाऱ्याच हव्यात. काचेच्या घेतल्या तर तपकिरी घ्या, कारण उजेडाने हॉप्सचा वास बिघडतो. एक तरी सोड्याची प्लॅस्टिकची बाटली भरा. ती दाबून बघितली की आत वायू किती धरलाय ते बोटांना कळतं. दोन आठवडे खोलीतल्या तापमानाला ठेवा, मग फ्रिजमध्ये.

ओतताना बाटली एकाच दमात तिरकी करा आणि तळाचा बोटभर गाळ तिच्यातच राहू द्या. ते यीस्टच आहे, पोटात गेलं तर घाबरायचं कारण नाही. ग्लास गढूळ दिसतो एवढंच.