प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा?

प्रश्न : मुलाने खासगी संस्थेत सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या धातू कापण्याच्या यंत्राचा) कोर्स केला, शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याने ते प्रमाणपत्र ग्राह्य धरले नाही. अशा संस्थांवर सरकारचे लक्ष नसते का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : मान्यता घेतलेल्या संस्थांवर असते. केंद्राने २०१८ मध्ये स्थापलेली राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. राज्यातील शासकीय आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. पण पडद्यावर प्रोग्रॅम लिहिणे वेगळे आणि ओतकामाचा खडबडीत भाग चकमध्ये (यंत्राच्या पकडीत) बांधून, कापून, मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटरपर्यंत तपासणे वेगळे. कारखानदार नेमके तेच पाहतो, आणि ते रास्तच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार विद्यावेतन घेऊन यंत्रावर हात बसवता येतो. त्याची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये याच आठवड्यात करा.