'आउटपुट', 'आउटकम', 'इम्पॅक्ट': तिन्हींना 'परिणाम'च म्हणायचं का?

प्रश्न असा आला आहे: एका सामाजिक कार्यक्रमाचं लॉजिक मॉडेल, म्हणजे कोणत्या कामातून कोणता बदल घडावा हे दाखवणारा तक्ता, मराठीत आणताना 'आउटपुट', 'आउटकम' आणि 'इम्पॅक्ट' या तिन्ही रकान्यांवर 'परिणाम' हाच शब्द पडला. वेगळे शब्द कोणते घ्यावेत? आणि 'लॉजिक मॉडेल'ला 'तर्क प्रतिमान' म्हटलं तर चालेल का?

तिन्हींना एकच शब्द मुळीच चालणार नाही. या तीन गोष्टींची सरमिसळ होऊ नये म्हणूनच तर हा तक्ता मांडतात. साधनसामग्री, उपक्रम आणि पुढे हे तीन रकाने, अशी त्याची साधारण मांडणी असते. इतर देशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेने 1970च्या सुमारास 'लॉजिकल फ्रेमवर्क' हा असाच तक्ता वापरात आणला, तेव्हापासून हा विचार मदतसंस्थांमध्ये रुळत गेला. सामाजिक कामांना निधी देणाऱ्या अमेरिकेतल्या केलॉग फाउंडेशनच्या मार्गदर्शिकेमुळे पुढे 'लॉजिक मॉडेल' हे नाव सर्वतोमुखी झालं.

शब्द निवडण्याआधी वाक्य लिहून पाहावं आणि त्यातला कर्ता शोधावा. समजा, ज्येष्ठांनी घरात पडू नये म्हणून व्यायामवर्ग चालवायचे आहेत. 'संस्थेने 24 वर्ग घेतले, पत्रकं वाटली' हे आउटपुट. इथे कर्ता संस्था आहे. 'ज्येष्ठ मंडळी खुर्चीवरून आधाराविना उठू लागली' हे आउटकम. आता कर्ता बदलला, आणि मराठीने आपणहून 'उठू लागली' असं क्रियापद पुढे केलं. पूर्वी नव्हतं ते सुरू झालं, हे त्या 'लागली'त आलंच. 'पडून हाड मोडण्याचं प्रमाण घटलं' हा इम्पॅक्ट, इथे परिस्थितीच कर्ता झाली. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. '40 जण वर्गाला आले' यात कर्ता लोक असले तरी ती नुसती हजेरी आहे, तिची जागा आउटपुटमध्येच.

आता शब्द. आउटपुटला 'उत्पादन' म्हटलं की कारखाना आठवतो, 'प्रदान' म्हटलं की पुरस्कार. सरकारी तक्त्यांतला 'साध्य' हा शब्द मोहात पाडतो, पण वर्ग घेऊन झाले म्हणजे काही साध्य झालं असं नाही. मी सरळ 'झालेलं काम' लिहीन. आउटकमसाठी 'निष्पत्ती' उत्तम. 'अध्ययन निष्पत्ती' शिक्षकांच्या तोंडी आहेच, आणि 'त्यातून काय निष्पन्न झालं?' हा आपला रोजचाच प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याला किती बैठका झाल्या हे ऐकायचं नसतं.

'परिणाम' हा शब्दही टाकाऊ नाही. सांख्यदर्शनात दुधाचं दही होणं हा परिणाम, म्हणजे अवस्थाच पालटणं. इम्पॅक्टसाठी मी 'दूरगामी परिणाम' घेईन. 'प्रभाव' या शब्दात छाप पडल्याचा, आणि बहुधा चांगलीच छाप पडल्याचा, सूर आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2002च्या मूल्यमापन शब्दावलीत मात्र इम्पॅक्टमध्ये इष्ट-अनिष्ट, हेतुपूर्वक झालेले आणि ध्यानीमनी नसलेले असे सगळेच दीर्घकालीन परिणाम येतात. मराठीत 'दुष्परिणाम' सहज होतो, 'दुष्प्रभाव' ओढूनताणून केल्यासारखा वाटतो.

'तर्क प्रतिमान' नको. 'तर्क लढवणे', 'तर्कवितर्क' यांमुळे 'तर्क' म्हणजे अंदाज असं मनात येतं. इथलं लॉजिक 'जर-तर'चं आहे: वर्ग झाले तर पायांत बळ येईल, बळ आलं तर तोल सावरेल, तोल सावरला तर पडणं कमी होईल. म्हणून 'कार्यकारण आराखडा' म्हणावं. त्यातला प्रत्येक 'तर' हे गृहीतक असतं आणि मूल्यमापनात ते तपासायचं असतं. आखणी करताना ही साखळी उलटीकडून, म्हणजे शेवटच्या परिणामापासून मागे, लावत यावी. मग अपयश आलं तर ते नेमकं कुठलं हेही कळतं. वर्गच नीट झाले नाहीत, तर दोष अंमलबजावणीचा. वर्ग झाले, बळही आलं, तरी पडणं थांबलं नाही, तर कल्पनेतच काही राहून गेलं होतं. कदाचित कारण निसरडी फरशी किंवा अंधारा जिना असेल. या दोन अपयशांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि तिन्ही रकान्यांवर 'परिणाम' लिहिलेल्या तक्त्यात ती ओळखूच येत नाहीत.

अहवाल लिहिताना 'यामुळे' आणि 'यानंतर' यांतही गल्लत नको. वर्गांनंतर पडणं घटलं एवढं आकड्यांवरून म्हणता येतं. वर्गांमुळे घटलं म्हणायचं तर वर्गाला न आलेल्या तशाच लोकांशी तुलना हवी किंवा दुसरा भक्कम आधार हवा.

जाता जाता 'लाभार्थी'बद्दल. प्रश्नासोबतच्या मसुद्यात पहिल्याच रकान्यात 'लाभार्थी संख्या 40' असं आहे. लाभ झाला की नाही हे तर निष्पत्तीच्या रकान्यात ठरणार आहे, शब्दाने तो आधीच देऊन टाकला. तिथे 'सहभागी' लिहा.