बर्लिनला आलेय, पण दिवसभर घरात बसून जीव गुदमरतोय

प्रश्न: ताई, मी मूळची नाशिकची, लग्नानंतर ऑक्टोबरमध्ये नवऱ्याबरोबर बर्लिनला आले. तो आयटीत आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना), त्यामुळे माझ्याकडे जर्मनची परीक्षा कोणी मागितलीच नाही आणि आता तेच नडतंय, दुकानात कोणी काही विचारलं की घाम फुटतो. तो सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. शनिवार सामान आणण्यात जातो, रविवारी दुकानं बंद, त्यात जानेवारी म्हणजे चार-साडेचारला अंधार. आईला फोनवर सगळं मस्त चाललंय सांगते आणि फोन ठेवला की रडू येतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: अगं, आधी एक काम आजच कर, खाली जाऊन टपालपेटीवर आणि बेलवर कोणाचं नाव आहे ते बघ. बर्लिनमध्ये पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो, आणि आपल्या बऱ्याच मुलींनी माहेरचं आडनाव ठेवलेलं असतं पण पेटीवर फक्त नवऱ्याचं, मग बँकेचं, विम्याचं पत्र आल्या वाटेने परत. तुझं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लाव. त्या दारावर स्वतःचं नाव दिसलं की बरं वाटतं, खरंच.

आता फिरायचं. नवऱ्याला वेळ मिळेल तेव्हा शहर बघू हे डोक्यातून काढ, तो त्याच्या सवडीने येईल, तू तुझी जा. आणि अख्खं बर्लिन अंगावर घेऊ नकोस, मेट्रोची एकच लाइन धर. मी यू-८ म्हणेन. महिन्याचं डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारा पास, जानेवारी २०२६पासून ६३ युरो) असेल तर कितीही वेळा चढ-उतर, चुकीच्या स्टेशनवर उतरलीस तरी पुढची गाडी काही मिनिटांत येते. सुटं तिकीट काढलंस तर मात्र प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नकोस, साध्या कपड्यातले चेकर असतात आणि दंड ६० युरो.

मंगळवारी किंवा शुक्रवारी शोनलाइनश्ट्रासेला उतर, चालत थोडं पुढे कालव्याच्या काठाने मायबाखउफरचा बाजार भरतो. कोथिंबीर, पुदिना, मेथीसुद्धा कधी कधी, तीही आपल्यासारखी जुडीने, सुपरमार्केटात कुंडीत लावलेली चार पानं मिळतात तशी नाही. विक्रेते मोठ्याने ओरडून भाव सांगतात, संध्याकाळ व्हायला लागली की भाव उतरतात. बाजारातले बरेच विक्रेते तुर्की, आणि इथली बरीच तुर्की कुटुंबं जर्मनी-तुर्कस्तानच्या १९६१च्या कामगार करारानंतर कामाला आलेल्यांची, म्हणजे त्यांच्या घरातल्या आज्याही एके काळी भाषा येत नसताना याच शहरात भाजी घ्यायला निघाल्या होत्या. तिथे तुझ्या मोडक्या जर्मनचं कोणाला काही वाटत नाही. 'आइन बुंट, बिट्टे' म्हणायचं, जुडी पुढे येते. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच दुकानावर जा, तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो माणूस तुला ओळखून हसेल, आणि परक्या शहरात कोणीतरी आपल्याला ओळखतं ही गोष्ट म्युझियम बघण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी तीच लाइन उलट्या दिशेने, बेर्नाउअर श्ट्रासेपर्यंत. भिंत बांधून शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले होते तेव्हा या लाइनच्या गाड्या पश्चिमेच्याच, पण मधली सहा स्टेशनं पूर्व बर्लिनच्या पोटातली, ती बंद, अंधुक दिव्यात पहारेकरी उभे आणि गाडी न थांबता हळू पुढे जायची. आज त्यातल्याच रोझेनथालर प्लाट्झ स्टेशनच्या केशरी फरशांसमोर लोक कॉफीचे कप घेऊन गाडीची वाट बघतात. बेर्नाउअर श्ट्रासेला वर आलीस की बर्लिनच्या भिंतीचं स्मारक आहे, उघड्यावर, फुकट, भिंत होती तिथे आता गंजलेल्या लोखंडी सळ्या रांगेने उभ्या, त्यांच्यामधून सरळ पलीकडे जाता येतं. हे हळू चालत बघ, ग्रुपबरोबर घाईत नको.

अंधाराचं म्हणशील तर घराबाहेरची सगळी कामं अकरा ते तीनमध्ये बसव, हवा कशीही असो. ऊन पडलं तर याच लाइनवर बोडिनश्ट्रासेला उतरून टेम्पेलहोफर फेल्डला जा, तिथला जुना विमानतळ २००८ला बंद झाला आणि २०१०पासून लोकांना खुला आहे, चक्क धावपट्टीवरून चालायचं, सायकलवाले, पतंगवाले, आणि एवढं मोकळं आभाळ की फ्लॅटमध्ये कोंडलेल्या माणसाला रडू येईल. सूर्य मावळला की फाटकं बंद करतात तेवढं लक्षात ठेव.

आईला मात्र खरं सांग गं. तिला आवाजावरून कळतच असतं आणि ती तिकडे एकटीच काळजी करत बसते.

आणि जर्मनचा क्लास लाव, ऑनलाइन नको, प्रत्यक्ष जायचा. बर्लिनच्या बाराही विभागांत सरकारी फोल्क्सहोखशूले (मोठ्या माणसांसाठीची शिक्षणसंस्था) आहे, खासगी क्लासपेक्षा फी खूप कमी आणि वर्गात सीरिया, व्हिएतनाम, ब्राझील कुठकुठच्या बायका, सगळ्या तुझ्यासारख्याच अडखळणाऱ्या. तुझ्या राहण्याच्या परवान्यावर नोकरी करायला मुभा असते, कार्ड नीट वाच, पण भाषा थोडी आली की मुलाखतीला धीर येतो. नाव नोंदवायला जाशील तेव्हा आधी किती येतं ते विचारतात, काहीच येत नाही म्हणून बिनधास्त सांग, ए-१चा म्हणजे अगदी पहिल्या पायरीचा वर्ग त्यासाठीच असतो.