पंचगंगेचं खोरं पाहायला निघालीस तर

पोरी,

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या कला पाहायच्या आहेत, कुठून सुरुवात करू, असं विचारलंस. मी म्हणेन, आधी कधी जायचं ते ठरव. इथल्या बऱ्याच कलांचा आपला असा महिना असतो. तो चुकला की गावात जाऊनही हाती काही लागत नाही.

कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं म्युझियम मात्र कधीही पाहता येतं. नदीकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं. त्यात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती या म्युझियमच्या संग्रहात आहे. समुद्राचा ग्रीक देव रोमन व्यापाराबरोबर सह्याद्री ओलांडून आपल्या घाटापर्यंत आला, हे तिच्यासमोर उभं राहिल्यावर खरं वाटतं. चित्रकार आबालाल रहिमानांची चित्रंही सावकाश बघ आणि मग एखाद्या सकाळी कोटितीर्थ तळ्यावर जा. पाण्यावरचा उजेड त्यांनी कसा टिपला, ते तिथं उमगेल.

करवीर तालुक्यातल्या बीड गावी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीत कोरलेले दगड आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. एकदा हे वाचता आलं की वाटेवरचा कुठलाही दगड तू नुसता ओलांडून जाणार नाहीस.

खिद्रापूरला मात्र पूर्ण दिवस दे. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, तिथून कुरुंदवाडमार्गे पुढं जायचं. शिलाहार राजांच्या काळातलं कोपेश्वराचं मंदिर कृष्णेच्या काठावर आहे. स्वर्गमंडपात वर छताऐवजी गोल आकाश दिसतं आणि त्याखाली १२ खांब वर्तुळात उभे आहेत. बहुतेक लोक तिथं फोटो काढून निघतात. तू एकच खांब निवड आणि वहीत काढ. चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचा गोल होतो, आणि प्रत्येक वळणावर तुझी पेन्सिल अडेल. जिथं ती अडते तिथंच पाथरवटानं आपलं सगळं कसब ओतलेलं असतं. एवढ्या कठीण काळ्या पाषाणात इतकी गुळगुळीत कड कशी आणली असेल, हा प्रश्न मला आजही सोडत नाही. बाहेर आलीस की मंदिर पाठीवर तोलणारे हत्ती बघ. एकेकाची मुद्रा निराळी आहे.

दसरा-दिवाळीच्या मधे पट्टणकोडोलीला धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्यानं सगळा आसमंत पिवळा होतो. फोटोवाल्यांची गर्दी तिथंच असते. तू मात्र रात्री ओव्या म्हणणाऱ्या मंडळींजवळ जाऊन बस. एकजण ओवी सोडतो, बाकीचे ती उचलतात, मधेच कथा गद्यात सांगितली जाते आणि ढोल पुन्हा तिला ओवीत आणतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचार. नाही म्हणाले तर फोन खिशात ठेव आणि नुसतं ऐक. हे गाणं देवासाठी आहे, आपण तिथं पाहुणे आहोत. कोल्हापुरी चप्पल घेशील तेव्हा मात्र पाहुणी होऊ नकोस. कारागिराकडूनच घे आणि दर पाडून मागू नकोस. कातडं कमावण्यापासून वेणी घालेपर्यंत त्या जोडीवर किती हात फिरतात, ते आधी त्याच्याकडे बसून बघ.

आणि आषाढात येणार असशील तर कोल्हापुरातल्या बापट कॅम्पात, कुंभारांच्या वस्तीत जा. गणपतीच्या मूर्तींचं काम तेव्हा ऐन भरात असतं आणि नेमकं त्याच दिवसांत नदीचं पाणी चढतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी नदीकाठचे लोक किती हवालदिल झाले, ते तुला ठाऊकच आहे. साचा, भरणी, कोरणी, रंगकाम सगळं विचार, कुंभार मंडळी मनापासून सांगतात. पण पाणी वाढल्याची बातमी आली की वही मिटून ठेव आणि मूर्ती हलवायला हात लाव. मूर्ती खालच्या पाटासकट उचल, हाताला किंवा सोंडेला धरू नकोस. कुठं ठेवायची ते मात्र त्यांनाच विचार.

येण्याआधी कळव. कुरुंदवाडच्या गाडीच्या वेळा विचारून ठेवीन.

अनेक आशीर्वाद.