मागच्या तारखेचा आदेश उशिरा आला तर?

प्रश्न : आमच्या डेटाबेसमध्ये कर्मचाऱ्याचं पद एकाच रकान्यात असतं. बढती झाली की जुनं पुसून नवं लिहितो. आता १ मार्चपासूनच्या बढतीचा आदेश २० एप्रिलला हाती आला. मार्चमध्ये ते कोणत्या पदावर होते म्हणायचं? यात तर्कशास्त्राची काही मदत होते का?

उत्तर : होते, आणि चांगलीच होते. पगाराचा पहिला प्रोग्रॅम लिहिला तेव्हा मीही असंच पुसत होतो. ऑडिटवाल्यांनी विचारलं, ‘आदेश मार्चचा, मग मार्चचा पगार जुन्या दराने कसा?’ आदेश आम्हाला नंतर मिळाला होता, पण त्याची नोंदच नव्हती. बरोबर काढलेला पगार चुकीचा ठरला, ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी पद साठवत नाही, घटना साठवतो. रॉबर्ट कोवाल्स्की आणि मारेक सर्गोट या संगणकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेल्या ‘इव्हेंट कॅल्क्युलस’चं, म्हणजे घटनांवरून तर्क करण्याच्या पद्धतीचं, मर्म हेच. घटना काही गोष्टी सुरू करते, काही संपवते. एखाद्या दिवशी पद चालू आहे केव्हा म्हणायचं? आधीच्या घटनेने ते सुरू केलं असेल आणि मधे ते संपवणारी घटना आढळत नसेल तेव्हा. ‘आढळत नसेल’ यातच सगळी गंमत आहे. नेहमीच्या तर्कशास्त्रात एकदा सिद्ध झालेलं नव्या माहितीने मागे घ्यावं लागत नाही. इथे घ्यावं लागतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

तुम्ही फक्त ‘बढती, १ मार्च’ ही घटना घाला. ती लिपिकपद संपवते, अधीक्षकपद सुरू करते. १५ मार्चला कोण? अधीक्षक. जुनी एकही ओळ खोडावी लागत नाही.

पण ऑडिटसाठी दुसरी तारीखही लागते : घटना नोंदली कधी, २० एप्रिल. म्हणजे ‘१० एप्रिलला आपल्याला काय ठाऊक होतं?’ असं विचारलं, तर तोवरच्याच नोंदी धरायच्या, आणि उत्तर येतं लिपिक. दोन्ही उत्तरं खरी आहेत. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या २०११ च्या मानकात या दोन्ही काळांची सोय आहे. त्यात कालावधीची सुरुवातीची तारीख धरतात, शेवटची धरत नाहीत. त्यामुळे घटनेऐवजी कालावधी लिहायची वेळ आली, तर लिपिकपदाची शेवटची तारीख १ मार्चच लिहा, २८ फेब्रुवारी नको.