कुरिअरचा पिकअपवाला न मोजता पार्सलं नेतो आणि नंतर एखादं गायब निघतं. चूक कोणाची?

तुम्ही लिहिलंय, सोलापुरात टॉवेल-चादरींचं ऑनलाइन काम आहे, रोज संध्याकाळी चाळीसेक पार्सलं निघतात. पिकअपवाला घाईत मॅनिफेस्टवर, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांच्या यादीवर, सही करून जातो आणि दोन दिवसांनी एखादं पार्सल 'हबला', म्हणजे कुरिअरच्या माल गोळा करायच्या केंद्राला, 'आलंच नाही' असं कळतं. कधी तो येतच नाही, पण कुरिअरच्या ऑनलाइन पॅनलवर शेरा पडतो, 'माल तयार नव्हता'. शेवटी विचारलंय, ही पोरं आळशीच असतात का? त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

आळशी नसतात. आणि 'गायब' झालेला नग पुष्कळदा तुमच्या गोडाऊनमधून हललेलाच नसतो.

हे कसं होतं ते नीट बघा. दुपारी ऑर्डरी उतरवून ४० लेबलं एकदम प्रिंट होतात आणि त्याच दमात मॅनिफेस्टही. मग पॅकिंग सुरू होतं. एका ऑर्डरीतली डबल बेडची चादर त्या रंगात शिल्लक नसते, म्हणून तिचं लेबल टेबलावर बाजूला ठेवलं जातं. संध्याकाळी दारात ३९ नग आणि कागदावर ४०. टेम्पोवाल्याचे अजून पाच-सहा थांबे बाकी, हबवरून रात्रीची लांब पल्ल्याची गाडी ठरल्या वेळी सुटणार. तुमचा माणूस म्हणतो, "घे रे, चाळीस आहेत." तो सही करतो. ग्राहकाचा फोन येईपर्यंत ते लेबल कोणाच्या लक्षातही नसतं, आणि मग तो सहीचा कागद पुढे करून कुरिअरकडे भरपाई मागितली जाते. पुष्कळ ठिकाणी ती रक्कम त्या कंत्राटी पोराच्या पैशातून कापतात. 'त्याची सही आहे ना, मग जबाबदारी त्याची' हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही आणि पटणारही नाही. ४० वर सही म्हणजे ४० नग गाडीत चढल्याचा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे प्रत्येक नगाचा दारातला स्कॅन.

म्हणून मॅनिफेस्ट सगळ्यात शेवटी काढा, पॅकिंग संपल्यावर. दोन प्रती. प्रत्येक नग हातात घेऊन स्कॅन, स्कॅन झालेला थेट गाडीत, न झालेला दाराच्या आत. दोन ढीग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. ॲपवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला नाही तर सहीच्या वर पेनाने लिहायचं: '३९ नग घेतले, १ शिल्लक', राहिलेल्या पार्सलाच्या एडब्ल्यूबीचे (लेबलावरच्या ट्रॅकिंग नंबरचे) शेवटचे चार अंक, वेळ, दोघांच्या सह्या. ही एक ओळ पुढचं सगळं भांडण मिटवते. पेनाने खाडाखोड केली की कागद खराब दिसतो म्हणून हिशेबनीस कुरकुरतात. त्यांचं ऐकू नका.

चाळीस नगांचा स्कॅन, लेबलं सरळ असतील तर, पाचेक मिनिटांत होतो. पण लेबल खोक्याच्या कडेवरून दुमडलेलं असेल, बारकोडवर चकचकीत टेप मारलेली असेल किंवा पॉलिबॅग फुगून लेबल सुरकुतलं असेल तर एकेका नगाशी झटापट होते आणि मग पोरगा स्कॅन सोडून नग मोजायला लागतो. लेबल सपाट, सगळ्यात मोठ्या बाजूवर, टेप बारकोडच्या बाहेर. थर्मल लेबलं (शाईऐवजी उष्णतेने छापलेली) पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाला ठेवू नका, सोलापूरचा उन्हाळा त्यांना काळवंडून टाकतो. सारख्याच दिसणाऱ्या दोन पॉलिबॅगांवर लेबलांची अदलाबदल झाली तर स्कॅनही ती पकडू शकत नाही, तेव्हा एक पॅक, एक लेबल, मगच दुसरा.

वजनाचंही तसंच, शिव्या पिकअपवाल्याला बसतात. टॉवेल हलका आणि फुगीर. विमानाने जाणाऱ्या पार्सलांच्या दरात सहसा लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांतला जो जास्त त्याचं बिल लावतात. ५० × ४० × ४० चं खोकं म्हणजे १६ किलो, आत माल ११ किलोचा असला तरी. हेच खोकं दाबून भरल्यामुळे तिन्ही बाजूंनी ४-४ सेंटिमीटर फुगलं, तर ५४ × ४४ × ४४, म्हणजे जवळपास २१ किलो. मोजमाप हबवर होतं, त्या पोराच्या हातात त्यातलं काही नसतं. बंद केलेलं खोकं मोजपट्टी लावून मोजा, तेच माप बुकिंगमध्ये टाका, आणि मोजपट्टी दिसेल असा फोटो ठेवा.

दुकानदाराला जाणारा ठोक माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल हलवायला लागणारा ऑनलाइन परवाना. परराज्यात ५०,००० रुपयांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. भाग 'अ' मध्ये (मालाचा तपशील) कुरिअरचा ट्रान्सपोर्टर आयडी टाका आणि भाग 'ब' (गाडीचा तपशील) त्यांच्यावर सोडा. पिकअपच्या टेम्पोचा नंबर तिथे भरण्याची घाई करू नका. राज्यातल्या राज्यात तुमच्या दारापासून ट्रान्सपोर्टरच्या ठिकाणापर्यंत ५० किलोमीटरच्या आत भाग 'ब' लागत नाही, आणि भाग 'ब' भरला की मुदतीचं घड्याळ सुरू होतं: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला १ दिवस. शनिवारी संध्याकाळी भरलंत आणि गाडी सोमवारी सुटली, तर नाक्यावर अडकणारा माल तुमचाच. इनव्हॉइसची 'ट्रान्सपोर्टरसाठी' असलेली दुसरी प्रत मात्र पिकअपवाल्याच्या हातात द्या, खोक्यात बंद करून नको.

'माल तयार नव्हता' या शेऱ्याचं आता. पिकअप नोंदवताना तुम्ही किती नग आणि किती किलो लिहिता, त्यावर गाडी ठरते. सवयीने '५ पार्सल' लिहून दारात ४० उभी केलीत तर बाइकवर पिशवी घेऊन आलेला मुलगा काय नेणार? पिकअप बंद करायला त्याला कारण निवडावंच लागतं, आणि यादीत 'गाडीत जागा नाही' नसेल तर तो जवळचं कारण दाबतो. नगांचा खरा अंदाज दुपारीच टाका, मोठा लॉट असेल तर आदल्या दिवशी सुपरवायझरला सांगा. ५ ची वेळ दिलीत तर ५ ला टेप लावलेली पार्सलं दारात हवीत. तो उभा असताना पॅकिंग करणं हा तुमचा दोष आहे, त्याचा नाही.

हेही खरं की काही जण रस्त्यावरूनच शेरा मारून मोकळे होतात. तसं वाटलं तर त्याच दिवशी, शेऱ्याची वेळ आणि त्या वेळचं तुमचं सीसीटीव्ही लावून तक्रार करा. आठवड्याने केलेली कोणी बघत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये पिकअप ओटीपी असेल तर तो गाडीत शेवटचा नग चढल्यावरच सांगायचा, आधी नाही. आणि दोनशेच्या वर नग असतील तर दारात एकेक स्कॅन परवडत नाही. तिथे सीलबंद बॅगा करून प्रत्येक बॅगेतल्या नगांची यादी व सील नंबर मॅनिफेस्टवर घ्यायचे, पण अशा वेळी नगांची मोजणी हबवर होते, म्हणून हबवर सील तुटलेलं निघालं तर कोण जबाबदार, हे तुमच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या.