वाचक विचारतात : ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड

प्रश्न : कोअर आय ७ १४७००के प्रोसेसर घेऊन ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) करायचंय. दुकानदार बी ७६० बोर्ड सुचवतो. खोक्यावर ‘१२+१+१ फेज’ लिहिलंय, म्हणजे दणकट असणार, असं त्याचं म्हणणं. घेऊ का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चालेल, पण पळणार नाही. बी ७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, मात्र हलत नाही. ‘के’साठी, म्हणजे मल्टिप्लायर खुला असलेल्या प्रोसेसरसाठी, जादा पैसे मोजायचे आणि त्याला कुलूप घालून ठेवायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार. झेड ७९० घ्या, किंवा झेड ६९०. झेड ६९० आधीच्या पिढीचा असल्याने त्यात जुना बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर १४७००के ओळखलाच जाणार नाही. तो घेणार असाल तर मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना, ते बघा. मग प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो.

आता फेज, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम या भागातले समांतर टप्पे. या प्रोसेसरची कमाल टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. १.२५ व्होल्ट धरले तर साधारण २०० अँपिअर झाले. एवढा प्रवाह पुरवताना व्हीआरएममध्ये दहा टक्के वाया गेले, तरी पंचवीसेक वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं साधं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचं असतं. आकडा १२ असो की १६, ही उष्णता जाते कुठे हे बघायचं. त्यात खोक्यावरचे १२ फेज पुष्कळदा सहाच असतात, प्रत्येकी दोन भाग जोडीने लावलेले. यात फसवणूक आहेच असं नाही, उष्णता विभागली जाते. पण आकड्यावरून बोर्ड तोलू नका. स्पेसिफिकेशनमध्ये ‘डीआरमॉस’ (फेजचे वीज-स्विच एकत्र बसवलेली चिप) आणि प्रत्येकी किती अँपिअर ते शोधा. ६० च्या खाली नको. प्रत्येक फेजला सुटे मॉसफेट (वेगवेगळे वीज-स्विच) असलेला स्वस्त बोर्ड या प्रोसेसरला नकोच. हीटसिंक नुसता चकचकीत पत्रा नसावा, त्याला खाचा असाव्यात आणि तो स्क्रूने कसलेला असावा.

आणखी एक, जे रिव्ह्यूवाले सांगत नाहीत, कारण ते एसीत बसून मोजतात. बावीस अंशांच्या खोलीत व्हीआरएम ८५ वर गेला असेल, तर मे महिन्यात तुमच्या ४० अंशांच्या खोलीत तो शंभरीपार जाणार. खोलीतला फरक जवळपास जसाच्या तसा वर चढतो. म्हणून रिव्ह्यूत पूर्ण भारावर ७० ते ७५ च्या आत राहिलेला बोर्ड निवडा.

बोर्ड कुठलाही घ्या, चालू केल्यावर आधी बायोस अपडेट करा. १३व्या-१४व्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचे बिघडत होते. त्यावरचा मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त होत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘०एक्स१२बी’ पर्यंत आला. तो किंवा त्यानंतरचाच हवा. आमचं स्पष्ट मत : १४७००के कारखान्यातूनच जवळजवळ टोकापर्यंत ताणलेला येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात व्होल्टेज थोडं उतरवून बघा, वेग वाढवण्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागेल.

प्रश्न : रायझन ५ ७६००एक्स, बी ६५० बोर्ड. कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३० ठेवला. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) तासभर चाललं, पण साधी पीडीएफ वाचताना मशीन रीस्टार्ट होतं. बोर्ड बदलून घेऊ?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बोर्डाला दोष देऊ नका. सिनेबेंचमध्ये सगळे कोअर कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येकाचा वेग खाली असतो. पीडीएफ उघडताना एकच कोअर सर्वांत वरच्या वेगाला उडी मारतो आणि तिथेच कमी केलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमखाली ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुकांची) नोंद उघडा. त्यातल्या एपीआयसी आयडीला दोनने भागा : ४ किंवा ५ असेल तर कोअर क्रमांक २, मोजणी शून्यापासून. तेवढ्याच कोअरला उणे १५ करा, दोन दिवस नेहमीसारखं वापरा, मग पुढचा बघा. बहुधा कारखान्याने ‘उत्तम’ ठरवलेले कोअरच आधी रडतात, कारण त्यांनाच सर्वांत जास्त पळवलं जातं.

प्रश्न : हवेचा कूलर काढून लिक्विड कूलर बसवला. प्रोसेसर ७० च्या आत, तरी गेममध्ये वेग अचानक ८०० मेगाहर्ट्झवर पडतो. शेजारी यंत्रमाग आहेत.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘व्हीआरएम’ किंवा ‘मॉस’ नावाचं तापमान बघा. शंभरच्या आसपास असेल तर चोर तोच. जुन्या कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही हवा सोडत होता, तो गेला. लिक्विड कूलरने प्रोसेसर थंड झाला, शेजारी उघडा पडला. आता बोर्ड स्वतःला वाचवायला वेग पाडतोय. १२० मिलिमीटरचा एक पंखा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, व्हीआरएमच्या रेषेत लावा. रेडिएटर वर असेल तर त्याचे पंखे नीट फिरतात ना, तेही बघा.

यंत्रमागाचं सूत उडून हीटसिंकच्या खाचांत नमद्यासारखं बसतं. ते ब्लोअरने निघत नाही, आधी रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने सुटं करा, मग ब्लोअर. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरधाव फिरून बेअरिंगची वाट लागते. तुमच्याकडे हे काम दर महिन्याला करावं लागेल.

प्रश्न : नवीन एएम ५ (रायझनसाठीचा) बोर्ड, ६४ जीबी डीडीआर ५. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. तीनदा बंद-चालू केलं. – एक वाचक, बाळे

उत्तर : तीनदा बंद केलंत तिथेच चुकलं. पहिल्यांदा बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो, एवढ्या रॅमला काही मिनिटं लागतात. चालू करून दहा मिनिटं हात लावू नका. तरीही काळा राहिला तर वीज काढून सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला आणा) आणि एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावून बघा. एक्स्पो (रॅमचा जादा वेग चालू करणारी सेटिंग) मात्र सगळं नीट सुरू झाल्यावरच.